मदत हवी आहे: बोका लिटर बॉक्सच्या (मांजराच्या शी-शूच्या डब्याच्या) बाहेर शू करतोय, घरात दम्याचा त्रास. कोणतं लिटर (त्या डब्यात भरायचे दाणे) घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पार्किंगमधून उचलून आणलेला आमचा बोका आता वर्षाचा होत आला. नसबंदी झाली आहे. डोंबिवलीत फ्लॅट, बाल्कनीला जाळी, त्यामुळे तो पूर्णवेळ घरातच. सुरुवातीला घमेल्यात रेती घालून ठेवायचो, तिथे शहाण्यासारखा जायचा. पावसाळ्यात कोरडी रेती मिळेना, म्हणून बेंटोनाइटचं (एक प्रकारच्या मातीचं) लॅव्हेंडर वासाचं लिटर आणि झाकणाचा बॉक्स आणला.

तेव्हापासून त्याचं बिनसलंय. बॉक्सच्या कडेवर पुढचे पाय ठेवतो, हुंगतो, पंजा झटकतो आणि शेजारच्या पायपुसण्यावर शू करून मोकळा होतो. शी कधी आत, कधी बाहेर. डॉक्टरांनी लघवी तपासली, त्यात काही निघालं नाही.

दुसरी काळजी आईची. तिला दमा आहे. पिशवीतून लिटर ओतताना जी पांढरी धूळ उडते, तिने तिला खोकल्याची उबळ येते. दुकानात तोफूचं, सिलिकाचं, पाइनच्या गोळ्यांचं अशी बरीच लिटर दिसतात. बोक्याला रुचेल आणि आईला बाधणार नाही असं यातलं कोणतं? तोफूचं कमोडमध्ये टाकलं तर चालतं का? बॉक्स मी रोज फिनेलने धुते, स्वच्छतेत कसूर नाही.

प्रतिसाद: माऊची मावशी

ताई, आधी फिनेल बंद करा, आजच. मांजराच्या यकृताला फिनेलमधल्या फिनॉलसारख्या पदार्थांचा निचरा नीट करता येत नाही. बोका बॉक्समधून बाहेर आला की पंजे चाटणार, म्हणजे ते थेट पोटात. शिवाय त्या उग्र वासावर लॅव्हेंडर, वरून झाकण. आपल्याला सुवास वाटतो, त्याला आत नाक घालवत नसणार. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, वाळवा. झाकण काढून टाका.

लघवी तपासून घेतलीत हे फार बरं केलंत. तरी लक्ष असू द्या: बोका सारखा बसतोय, जोर करतोय आणि थेंबच येतोय, किंवा तेही नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

त्याला रेतीची सवय आहे, म्हणजे पायाखाली बारीक दाणा हवा. बहुतेक मांजरांना बारीक, बिनवासाचं, ओलं झालं की गोळा होणारं लिटरच आवडतं. बोक्यापुरतं बघायचं तर बिनवासाचं बेंटोनाइट सगळ्यात जवळचं.

प्रतिसाद: कल्याणकर

पण दमा असताना मी बेंटोनाइटवर थांबणार नाही. ती मातीच आहे, 'डस्ट फ्री' लिहिलं तरी थोडी उडतेच. सिलिकाचे खडे वास छान धरतात, पण टोचतात, पुष्कळ मांजरं त्यावर पाय ठेवत नाहीत. पाइनच्या गोळ्या ओल्या झाल्या की भुसा होतो, त्याला चाळणीचा बॉक्स लागतो. स्वस्त पडतं, पण दाणा जाड.

तुमच्यासाठी मी तोफू सुचवेन, तेही बिनवासाचं आणि मिळेल तितक्या बारीक दाण्याचं. धूळ बरीच कमी. महाग आहे, आणि सोयाबीनच्या चोथ्याचं असल्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीला बुरशी धरते, किडेही होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कमोडमध्ये मात्र टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पाइप तुंबू शकतो, शिवाय मांजराच्या शीमधून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची (गर्भाला धोकादायक) अंडी सांडपाण्यात जाऊ शकतात. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. शी रोजच्या रोज काढा; ती अंडी बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज काढण्याला महत्त्व. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये.

एकदम बदलू नका. दोन बॉक्स ठेवा, तसंही एका मांजराला दोन बरे. एकात तोफू, दुसऱ्यात बिनवासाचं बेंटोनाइट, दोन्हींत २-३ इंचांचा थर. कुठे उकरतो ते बघा. तोफूत गेला तर प्रश्नच मिटला. बेंटोनाइटच धरून बसला तर त्यात थोडं थोडं तोफू मिसळत न्या. ओतण्याचं काम आई दुसऱ्या खोलीत असताना, बाल्कनीत, पिशवी बॉक्सच्या तळाशी टेकवून करायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फिनेलचं खरंच माहीत नव्हतं, बाटली माळ्यावर टाकली. दुसरा बॉक्स म्हणून जुनं घमेलं चालेल का? आणि पायपुसण्याचं काय करू?

प्रतिसाद: माऊची मावशी

घमेलं उत्तम, उघडं आणि ऐसपैस. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याच्या लांबीच्या दीडपट असलं म्हणजे झालं. पायपुसणं टाकून द्या, वास राहिला तर तो परत तिथेच जाईल. फरशीला एन्झाइमवालं क्लीनर लावा, अमोनियावालं नको, त्याचा वास मांजराला लघवीसारखा येतो. आठवड्याने इथे कळवा, कोणत्या बॉक्समध्ये जातोय ते.