मदत हवी आहे : फसव्या पानावर पासवर्ड आणि कोड दोन्ही टाकले, आता काय काय तपासू?

अर्धविराम
'मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे, २४ तासांत खातं बंद होईल' असा मेल आला. त्यातलं बटण दाबल्यावर नेहमीसारखं लॉगिनचं पान उघडलं. पासवर्ड टाकला, मग सहा आकडी कोड मागितला, तोही टाकला. पुढे माझीच मेलपेटी उघडली, त्यामुळे लगेच काही लक्षात आलं नाही. वीसेक मिनिटांनी पत्ता नीट वाचला तर तो असा होता :

अकाउंट्स.माझीमेलसेवा.कॉम.व्हेरिफाय-युजर.टॉप/लॉगिन

(मेलसेवेचं खरं नाव बदललंय.) पासवर्ड बदलला आहे. तेवढं पुरे का? नसेल तर कुठल्या क्रमाने काय करू? आणि असा मेल आधीच ओळखायचा कसा? भाषा तर एकदम शुद्ध होती.

टाचणी
पुरे नाही. आधी एक सांगा, तो कोड फोनवर एसएमएसने आला की अॅपमधून बघून टाकलात?

अर्धविराम
एसएमएस. पासवर्ड टाकल्यावर चार-पाच सेकंदांत आला.

टाचणी
मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. एसएमएस खऱ्या सेवेने पाठवला, म्हणजे त्याच क्षणी तुमचा पासवर्ड खऱ्या साइटवर टाकला जात होता. नुसता पासवर्ड गोळा करणारा फॉर्म असता तर हा कोड आलाच नसता. अशी पानं मध्ये बसतात. तुम्ही टाइप केलेलं खऱ्या साइटला देतात, तिचं उत्तर तुम्हाला दाखवतात. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला जी सेशन कुकी देते ती मधल्याच्या हाती लागते. कोड काही मिनिटांत बाद होतो, कुकी मात्र कित्येक दिवस चालू शकते, आणि ती असली की पुन्हा पासवर्ड किंवा कोड विचारला जात नाही.

म्हणून पहिलं काम : पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. पासवर्ड बदलला की बऱ्याच सेवा बाकीची सेशन्स आपोआप बंद करतात, पण त्यावर विसंबू नका. फाइल वगैरे डाउनलोड झाली असेल तर हे सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा. नुसता फॉर्म भरला असेल तर त्याच मशिनवरून चालेल.

दुसरं, रिकव्हरीचा फोन आणि पर्यायी ईमेल बघा. त्यात एखादा अनोळखी नंबर घुसवलेला असेल तर तुम्ही कितीदाही पासवर्ड बदला, तो 'पासवर्ड विसरलो' म्हणून परत आत येईल. तिथेच दुहेरी पडताळणीच्या यादीत नवं ऑथेंटिकेटर अॅप (लॉगिनचे कोड दाखवणारं) किंवा नवी पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली) जोडलेली दिसते का तेही पाहा. बॅकअप कोड नव्याने काढा, म्हणजे जुने रद्द होतात.

तिसरं सगळ्यात जास्त राहून जातं : मेलचे नियम. जीमेल असेल तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून उघडा, मोबाइल अॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. दातेदार चक्र, मग 'सी ऑल सेटिंग्ज', आणि तिथले तीन टॅब : 'फिल्टर्स', 'फॉरवर्डिंग' आणि 'अकाउंट्स'. शेवटच्यात 'ग्रँट अॅक्सेस' खाली दुसऱ्या कुणाचा पत्ता असता कामा नये. आउटलुकमध्ये सेटिंग्ज, मेल, आणि मग 'रूल्स' व 'फॉरवर्डिंग' वेगवेगळे तपासा. एक स्वच्छ आहे म्हणून दुसरं सोडू नका.

त्यानंतर जोडलेली अॅप्स. खात्याला तुम्ही न ओळखणारं एखादं अॅप 'मेल वाचणे' अशी परवानगी घेऊन बसलं असेल तर काढून टाका. पासवर्ड बदलल्याने ही परवानगी रद्द होईलच असं नाही.

उंबरठा
टाचणी यांच्या यादीत एक भर. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर ती खाती आजच बदला. शिवाय पासवर्ड वेगळा असला तरी ज्या खात्यांची 'पासवर्ड रिसेट'ची लिंक या मेलपेटीत येते ती सगळी धोक्यात धरा. पैशांशी जोडलेली आधी. ट्रॅश, स्पॅम आणि सेंटमध्ये त्या वीस मिनिटांतले व नंतरचे मेल चाळा. 'रिसेट' आणि 'नवीन साइन इन' हे शब्द शोधा. रिसेटचा मेल ट्रॅशमध्ये सापडला आणि तो तुम्ही टाकलेला नसेल, तर ते खातं गेलं असं समजून तिथेही हीच सगळी कसरत. बँकेला कळवायची वेळ आली तर मेलमधला नंबर वापरू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा.

अर्धविराम
सगळी सेशन्स बंद केली. आणि फिल्टरमध्ये खरंच एक नोंद सापडली! पाठवणारा कोणीही चालेल, मजकुरात 'सिक्युरिटी' किंवा 'पासवर्ड' किंवा 'इन्व्हॉइस' असेल तर इनबॉक्स टाळा, वाचलेला म्हणून खूण करा, थेट ट्रॅशमध्ये टाका. उडवू का?

टाचणी
आधी स्क्रीनशॉट, मग उडवा. तक्रार करताना लागेल. हा फिल्टर कशासाठी असतो ते बघा : 'तुमच्या खात्यात नवीन ठिकाणाहून साइन इन झालं' हा इशारा तुमच्यापर्यंत पोचूच नये. 'इन्व्हॉइस' हा शब्द असणं जास्त वाईट. तुमच्या नावाने कुणाला तरी 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असं लिहायचं आणि त्याचं उत्तर तुम्हाला दिसू द्यायचं नाही, असा बेत असू शकतो. ज्यांच्याशी पैशांचा व्यवहार आहे त्यांना फोन करून सांगा. मेल करू नका, फोनच करा.

खडूफळा
ओळखायचं कसं, हे राहूनच गेलं. मूळ मेलचं हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदी, काढून इथे टाका. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल'. स्वतःचा पत्ता मात्र खोडा.

अर्धविराम
हे घ्या :

फ्रॉम : "मेल सपोर्ट टीम" <नोटिस@स्टोरेज-अलर्ट.टॉप>
रिप्लाय-टू : काहीतरी भलताच मोफत मेलचा पत्ता
एसपीएफ : पास
डीकिम : पास
डीमार्क : पास

तिन्ही पास आहेत. मग हा फसवा कसा?

खडूफळा
इथेच बहुतेकांची गल्लत होते. एसपीएफ एवढंच सांगतं की या डोमेनच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) नावाने पाठवायची मुभा त्या सर्व्हरला होती. डीकिम सांगतं की सही त्या डोमेनची आहे आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही. डीमार्क सांगतं की तुम्हाला 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन आणि हे तपासलेलं डोमेन एकमेकांशी जुळतं. थोडक्यात, मेल स्टोरेज-अलर्ट.टॉप कडूनच आला, यात शंका नाही. पण स्टोरेज-अलर्ट.टॉप कोणाचं? चोराचंच. त्याने डोमेन विकत घेतलं आणि नोंदी व्यवस्थित भरल्या. त्यामुळे 'फेल' दिसलं तर संशय पक्का, 'पास' दिसलं तर फक्त डोमेन वाचायला सुरुवात करायची.

'मेल सपोर्ट टीम' हे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. मोबाइलवर अनेकदा तेवढंच दिसतं, पत्ता बघायला नावावर टिचकी मारावी लागते. हेडरमधल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी (वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली एक लावतो) वाचायच्या असतील तर खालून वर वाचा. तुमच्या स्वतःच्या सेवेने लावलेल्या वरच्या ओळीच भरवशाच्या, खालच्या बनावट असू शकतात.

आता तो लिंकचा पत्ता. 'अकाउंट्स.माझीमेलसेवा.कॉम' एवढं वाचून डोळा थांबतो, कारण पत्ता आपण डावीकडून वाचतो. डोमेन उजवीकडून वाचायचं. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे या : टॉप, त्याआधी व्हेरिफाय-युजर. संपलं, मालक तोच. त्याच्या डावीकडचं सगळं मालकाच्या मर्जीने लिहिलेलं असतं. (काही देशांची शेपटी दोन तुकड्यांची असते, तिथे एक तुकडा जास्त मोजा.) याच रेघेच्या आधी @ दिसला तर त्याच्या अलीकडचा मजकूर नुसती सजावट आहे, ब्राउझर @ नंतरच्या पत्त्यावर जातो. 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारा तुकडा म्हणजे नावात इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत. रशियन लिपीतला 'ए' आणि इंग्रजीतला 'ए' डोळ्यांना सारखेच दिसतात.

कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. ते फक्त वाटेतली देवाणघेवाण कूटबद्ध आहे एवढंच सांगतं, आणि त्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र तर फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ११७ व्या आवृत्तीपासून ते चिन्ह काढलंच, लोक त्याचा अर्थ 'साइट खरी आहे' असा घेत होते म्हणून. शुद्धलेखनाच्या चुका शोधायचा सल्लाही जुना झाला. आता मजकूर यंत्राकडून घोटून घेता येतो.

उंबरठा
इतकं वाचत बसण्यापेक्षा मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. जागा भरली म्हणतात ना? वेगळ्या टॅबमध्ये स्वतः जाऊन बघा. क्यूआर कोड असेल तर तीही लिंकच, फक्त वाचता न येणारी. मोबाइलवर लिंक दाबून धरायला सांगतात, पण काही फोनवर दाबून धरलं की पानाची झलकच उघडते, तेव्हा जपून. जोडलेली एचटीएमएल फाइल तर उघडूच नका. ती तुमच्याच मशिनवरचं लॉगिनचं पान असते, त्यामुळे पत्त्याच्या पट्टीत वाचायला डोमेनच नसतं.

अर्धविराम
मग एसएमएसच्या ऐवजी ऑथेंटिकेटर अॅप घेतलं तर यातून वाचलो असतो का?

टाचणी
या प्रकारातून नाही. अॅपमधला कोड ३० सेकंदांनी बदलतो, पण मधलं पान तो दोन सेकंदांत पुढे ढकलतं. सिमकार्डची अदलाबदल करून कोड पळवतात, त्यापासून अॅप वाचवतं, म्हणून एसएमएसपेक्षा बरंच. यातून वाचवते ती पासकी किंवा यूएसबीवाली सुरक्षा किल्ली. ती डोमेनला बांधलेली असते. व्हेरिफाय-युजर.टॉप वर तुम्ही स्वतः हट्टाने वापरायला गेलात तरी ब्राउझर तिथे ती चालू देत नाही.

पासवर्ड मॅनेजरचाही हाच उपयोग, पाठांतराचे श्रम वाचतात तो वरचा फायदा. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर 'आज बिघडलंय वाटतं' म्हणून हाताने चिकटवू नका. मॅनेजरने डोमेन ओळखलं नाही, त्याचा अर्थ आधी शोधा.

खडूफळा
आणि मेलपेटीत जे पडून आहे त्याचंही बघा. शोधपट्टीत 'हॅज:अटॅचमेंट' टाका आणि ओळखपत्रं, सह्या केलेले फॉर्म, पासबुकाचे फोटो कुठे कुठे पाठवलेत ते काढा. डाउनलोड करून मूळ मेल उडवा, ट्रॅशही रिकामा करा. यावेळी ते कुणी पाहिलं असेल तर परत घेता येणार नाही, पण पुढच्या वेळी सापडायला नको. 'आईचं माहेरचं नाव' छापाच्या सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरं देऊ नका. काहीतरी अगम्य लिहा आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

ईमेल आधीच्या गळतीत आहे का ते 'हॅव आय बीन पोन्ड'वर दिसतं. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे, तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा. पासवर्ड तपासायची सोयही आहे. त्यात पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेली, उलट फिरवता न येणारी अक्षरांची माळ) तुमच्याच ब्राउझरमध्ये काढून त्या हॅशची पहिली पाच अक्षरं तेवढी पुढे जातात.

अर्धविराम
फिल्टर उडवला, रिकव्हरीत काही फेरफार नव्हता. अनोळखी अॅप एक होतं, 'मेल वाचणे व पाठवणे' परवानगीसह, काढलं. सेंटमध्ये काहीच नाही, म्हणजे पाठवलं नसेल ना?

टाचणी
तसं म्हणता येत नाही, पाठवून सेंटमधून पुसता येतं. ट्रॅशही रिकामा केलेला असू शकतो. जीमेल असेल तर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डीटेल्स' आहे, त्यात कधी, कुठल्या प्रकारे आणि कुठल्या आयपी पत्त्यावरून खातं वापरलं गेलं ते दिसतं. अॅपची नोंद तिथे सापडते का बघा, वेळ लिहून ठेवा. ओळखीच्यांना 'या वेळेनंतर माझ्याकडून लिंक किंवा पैशांचा मेल आला असेल तर उघडू नका' असं फोनवर कळवा. पुढचे आठ-दहा दिवस फिल्टरची यादी रोज एकदा बघा. पुन्हा नोंद उगवली तर कुठलं तरी दार अजून उघडं आहे, तेव्हा त्याच यादीने परत पहिल्यापासून.