नोड, खिल्लार आणि एसटीची पाटी

विचारणा
क्लस्टर (एकत्र जोडून एकाच यंत्रासारखे वापरलेले अनेक संगणक) सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘पेट्स’ आणि ‘कॅटल’ हे शब्द सारखे येतात. जुना सर्व्हर म्हणजे पेट: त्याला नाव, बिघडला तर रात्र जागून दुरुस्ती. क्लस्टरमधलं मशीन, म्हणजे नोड, हे कॅटल: नुसता नंबर, बिघडलं की बाजूला काढून दुसरं लावायचं. मराठीत मी ‘पाळीव प्राणी’ आणि ‘गुरं’ लिहिलंय. काहीतरी खटकतंय, काय ते कळत नाही.

प्रतिसाद १
खटकणारच. आपल्याकडे एक वेळ मांजर बिननावाचं राहील, बैल नाही राहत. ‘खिल्लार’ म्हणजे मुळात गुरांचा कळप, पण त्यातलीच जोडी दावणीला आली की सर्जा-राजा होते. पोळ्याला ज्याच्यापुढे पुरणपोळी धरायची, त्याला ‘नोड०१७’ कोण म्हणेल?

प्रतिसाद २
मी शिकवताना एसटी घेतो. फाट्यावर उभ्या माणसाला ‘पुणे–सातारा’ ही पाटी दिसली की पुरे. गाडी कुठली, ते डेपो बघतो. एक बंद पडली की तीच पाटी दुसरीला. वापरणाऱ्याला दिसतं ते नाव म्हणजे पाटी, मशीनचं स्वतःचं नाव म्हणजे गाडी नंबर. पाटी गाडीवर रंगवून टाकायची नाही, एवढंच पथ्य. १९९०च्या आरएफसी ११७८मध्येही (इंटरनेटवाल्यांचं जाहीर टिपण, संगणकाला नाव कसं द्यावं यावरचं) बजावलंय, की मशीनला त्यावरच्या प्रकल्पाचं नाव देऊ नका. प्रकल्प दुसरीकडे हलतो, नाव मागे राहतं.

प्रतिसाद ३
आमच्या विभागात मशीनना किल्ल्यांची नावं होती. सिंहगडचं स्पेलिंग कोणी ‘एन’ने करी, कोणी ‘एम’ने, आणि शेवटी नुसता ‘डी’ की ‘डीएच’ हा वाद निराळाच. लॉगिन होत नाही अशा निम्म्या तक्रारी तिथल्या. कंटाळून नंबरांवर आलो, तर पहिल्याच यादीत नोड१, लगेच नोड१०, मग नोड२. संगणक यादी अक्षरक्रमाने लावतो ना! तेव्हापासून ००१.

प्रतिसाद ४
अख्ख्या क्लस्टरला मात्र नाव शोभतं. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा १९९१चा महासंगणक ‘परम’ कानाला अजून छान लागतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत २०१८ला ‘प्रत्युष’ आला, २०२४ला ‘अर्क’. अर्क म्हणजे सूर्य, कबूल; पण मराठी माणसाला आधी बाटलीतला अर्क आठवतो, नाहीतर ‘काय अर्क आहे!’ म्हणावा असा एखादा इरसाल नातेवाईक.

विचारणा करणारा
एसटी पटली. मग ‘नोड ड्रेन केला’ याला काय म्हणाल? हातातलं काम पुरं करू देतात, नवं देत नाहीत.

प्रतिसाद २
फेरी संपवून डेपोत.