सरावात ६२०, स्पर्धेत ६०८: मुलीच्या मनाची तयारी कशी करावी?

पालक, सांगली
माझी चौदा वर्षांची मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. सरावात तिचे गुण ६२० च्या आसपास असतात, परंतु बाहेरगावच्या स्पर्धेत ते ६०८ पर्यंत उतरतात, आणि ही घसरण बहुधा एका वाईट शॉटनंतरच्या आठ-दहा शॉटमध्येच होते. ‘मन कणखर करण्याच्या’ एका शिबिरात चुकलेल्या प्रत्येक शॉटसाठी सर्वांसमोर उठाबशा काढायला लावल्या. तेव्हापासून ती रेंजवर जायलाच कचरते. दुसरा मार्ग कोणता?

प्रशिक्षक, कोल्हापूर
अशा शिक्षेने मुले चुकीला घाबरू लागतात, आणि नेमबाजीत ती भीती थेट ट्रिगरवरच्या बोटात उतरते. ६० शॉटसाठी ७५ मिनिटे, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट मिळते. तरीही वाईट शॉट भरून काढण्यासाठी मुले घाई करतात. म्हणून नेम स्थिर होत नसेल तर शॉट न मारता रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, हे मी रोज मुद्दाम करून घेतो. माझ्या मते या वयात शिकवण्याजोगा कणखरपणा हाच आहे. शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर झाकून, तो कुठे गेला असेल ते आधी तिलाच सांगू द्या. गुणांवरची नजर हळूहळू कृतीकडे वळते.

माजी नेमबाज, पुणे
याला दबावाच्या सरावाची जोड हवी, पण बेताने. अंतिम फेरीत एकेका शॉटला ५० सेकंद असतात. आठवड्यातून एकदा तसेच घड्याळ लावून, मैत्रिणींना मागे बसवून दहा शॉट मारू द्यावेत. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरण्याच्या वेगळ्या प्रकारात, आपल्या राधानगरी तालुक्यातले स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवे होते आणि अंतिम फेरीत पहिल्या दोन स्थितींनंतर पाचवे. उभ्या स्थितीत ते वर सरकले आणि ४५१.४ गुणांसह त्यांनी कांस्यपदक मिळवले. मागे पडल्यावरही पुढचा शॉट तेवढ्याच शांतपणे मारणे कसे असते, हे तिला त्या फेरीच्या चित्रफितीत दिसेल.

पालक, सांगली
मनापासून आभार. शिबिर थांबवले आहे. काल मॉनिटर झाकून सराव केला, तेव्हा तिने चार वेळा स्वतःहून रायफल खाली घेतली. पुढच्या स्पर्धेनंतर मीही तिला गुणांऐवजी आधी हेच विचारणार आहे, की रायफल किती वेळा खाली घेतलीस.