युरोपात साडेतीन-पावणेचार महिने, मध्ये लंडन: व्हिसा कोणता घ्यावा?

अबोली

नमस्कार मंडळी. मी आणि माझे यजमान, दोघंही आता नोकरीतून मोकळे झालो आहोत. दहा दिवसांत सात देश अशी सहल आम्हाला करायची नाही. एकेका गावात आठवडाभर घर भाड्याने घ्यायचं, भाजी आणून स्वयंपाक करायचा, संध्याकाळी पायी भटकायचं आणि कंटाळा आला की ट्रेनने पुढचं गाव, असं मनात आहे.

आराखडा असा: १ एप्रिलला लिस्बन. पोर्तुगाल आणि स्पेन करून १५ मे रोजी माद्रिदहून लंडन. तिथे भाचीकडे तीन आठवडे. ५ जूनला रोम, मग इटली सावकाश, शेवटी ग्रीस. २५ जुलैला परत. सर्वात जास्त मुक्काम इटलीत.

एजंट म्हणतो, साधा टूरिस्ट व्हिसा सिंगल एन्ट्रीचा (एकदाच आत शिरता येईल असा) काढू, दिवस कमी पडले तर तिथेच वाढवून घ्या. माझी समजूत अशी की मध्ये लंडनला गेलो की शेंगेनचे (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाचे) ९० दिवस नव्याने सुरू होतात. पहिल्यांदा उतरणार पोर्तुगालला, म्हणून अर्जही पोर्तुगालकडे करायचा. हे बरोबर आहे का? भाचीकडे जाणार म्हणून नातेवाइकांना भेटण्याचा व्हिसा घ्यावा का?

पावसाळी

अबोलीताई, "तिथेच वाढवून घ्या" हे कृपा करून मनावर घेऊ नका. शेंगेन व्हिसाची मुदत आजारपण, आपत्ती, घरातलं गंभीर कारण अशा प्रसंगीच वाढवून मिळते. सहल आवडली, अजून राहावंसं वाटतं, हे कारण चालत नाही. आणि लंडनला गेल्याने मोजणी शून्यावर येत नाही.

खिडकीची जागा

आईबाबांच्या आणि मावशीच्या अशा लांबलेल्या प्रवासांचे अर्ज मी भरून दिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मोजणी. नियम "कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस" असा आहे. शेंगेनमध्ये असाल त्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यातले किती दिवस आत होतात ते मोजायचे. शेंगेनचे २९ देश यासाठी एकच. आत शिरण्याचा दिवस धरायचा आणि बाहेर पडण्याचाही. तुमचे १ एप्रिल ते १५ मे ४५ दिवस होतात. ५ जून ते २५ जुलै ५१. एकूण ९६, म्हणजे सहा दिवस जास्त. लंडनचे तीन आठवडे यात धरायचे नाहीत, पण त्यांच्यामुळे आधीचे ४५ पुसलेही जात नाहीत. पूर्वी शिक्के बघून माणूस हिशोब करायचा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची संगणकात नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी तो दिसणारच. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर दिवस मोजण्याचं कॅल्क्युलेटर आहे, त्यात तारखा टाकून बघा.

याहून मोठी अडचण सिंगल एन्ट्रीची आहे. माद्रिदहून लंडनचं विमान पकडलंत की तो व्हिसा तिथेच संपला. दिवस शिल्लक असोत, तारीख पुढची असो, रोमला उतरता येणार नाही. तुमच्या क्रमाने जायचं तर निदान दोन एन्ट्री हव्यात, आणि त्या मागताना मध्ये ब्रिटनला खरंच जाणार आहात हे दाखवावं लागेल. ब्रिटनचा व्हिसा आधी काढू म्हणाल, तर त्याचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. १५ मेला जाणार म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत नाही. त्याचा निकाल यायला साधारण तीन आठवडे, मग मार्चमध्ये शेंगेन, आणि निघायचं १ एप्रिलला. शेंगेनचा निकाल एरवी १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. सहल जवळ आलेली असताना ही धाकधूक कशाला?

म्हणून माझा सल्ला, व्हिसा बदलण्याआधी वाट बदला. लंडन सर्वात आधी करा. १ एप्रिलला लंडन, २२ एप्रिलला लिस्बन, मग स्पेन, इटली, ग्रीस सलग. मध्ये बाहेर पडायचंच नाही, तर सिंगल एन्ट्री पुरते. ब्रिटनचा अर्ज १ जानेवारीपासून करता येईल. पासपोर्ट परत हातात आला की फेब्रुवारीत शेंगेन. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्याच्या सुमारास अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून ती तारीख आधीच धरून ठेवा.

अर्ज इटलीकडे करायचा. जिथे सर्वात जास्त दिवस राहणार तो देश. पहिल्यांदा कुठे उतरता हे फक्त दिवस सारखे असतील तेव्हा बघतात. शेंगेनच्या अर्जात उद्देश पर्यटन. भाची ब्रिटनमध्ये आहे, तिचं निमंत्रणपत्र ब्रिटनच्या अर्जाला जोडा. तिथे स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, नातेवाईक आणि फिरणं दोन्ही त्यातच येतं.

आता पासपोर्टवर चिकटवतात तो व्हिसाचा स्टिकर, कारण माझा जीव यातच सर्वात जास्त अडकतो. त्यावर "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असं असतं आणि शेजारी वेगळ्या चौकटीत राहण्याचे दिवस असतात. वकिलात साधारणपणे शेवटच्या तारखेत १५ दिवसांची सूट धरते, म्हणजे प्रवास थोडा पुढे-मागे झाला तरी चालावं. ती सूट तारखेला आहे, दिवसांना नाही. मावशी त्या पुढच्या तारखेवर विसंबून परतीचं तिकीट बदलायला निघाली होती. दिवसांची चौकट दाखवली तेव्हा थांबली. स्टिकर हातात आला की तिथल्या तिथे दिवस, एन्ट्री, नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्ट क्रमांक वाचून घ्या. आणि मागितलेले दिवस पूर्ण मिळतीलच असं नाही, म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या.

पूर्ण ९० दिवस मागू नका असंही मला मनापासून वाटतं. विमान रद्द झालं, बोटींचा संप झाला, तर एक रात्रही हाताशी उरत नाही. ८५ वर आखा.

कंदील

तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर सरळ लाँग स्टे व्हिसा का नाही काढत? तो डी प्रकारचा. ९० दिवसांची कटकटच नको.

खिडकीची जागा

कंदील, डी व्हिसा त्या एका देशाचा राष्ट्रीय व्हिसा असतो. तिथे ९० दिवसांहून जास्त मुक्काम करण्यासाठी. फ्रान्सचा व्हिजिटर प्रकारचा घ्यायचा तर राहण्याची जागा दाखवावी लागते, तिथे नोकरी करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. प्रत्येक देशाचे नियम आणि कागद निराळे. तो असला तरी बाकीच्या शेंगेन देशांत १८० मध्ये ९० हाच नियम राहतो. ताई एकाच गावात चार-पाच महिने राहणार असत्या तर मी तोच सुचवला असता. चार देशांत फिरणाऱ्यांसाठी तो नाही.

पावसाळी

खर्चाचं राहिलं. शेंगेनची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसांना ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. प्रवास विमा निदान ३०,००० युरोचा आणि शेंगेनमधल्या सगळ्या दिवसांचा हवा. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडल्यावर पुढे तीन महिने तरी वैध असावा आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. दोघांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा. निवृत्त आहात तर पेन्शनची कागदपत्रं आणि बँक स्टेटमेंटबरोबर एक साधं पत्र जोडा: इतके दिवस का, कुठे राहणार, खर्च कसा भागणार. लांब मुक्कामाच्या अर्जात या पत्राला फार किंमत असते.

अबोली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघं वही घेऊन बसलो आणि तारखा पुन्हा मांडल्या. भाचीला एप्रिल चालतोय, उलट तिला तेव्हाच सुट्टी आहे. म्हणजे लंडन आधी, २२ एप्रिलला लिस्बन. ८५ दिवस मोजले तर १५ जुलै येतो.

एक शंका राहिली. यजमानांची फार इच्छा आहे की ग्रीसमधल्या कोस बेटावरून बोटीने तुर्कस्तानातलं बोद्रुम बघून संध्याकाळी परत यावं. जेमतेम एक दिवस. तेवढं चालेल ना?

खिडकीची जागा

ताई, नाही चालणार. बोद्रुमला जाणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं, एका तासासाठी का असेना. सिंगल एन्ट्रीवर संध्याकाळी कोसला परत उतरता येणार नाही आणि सामान ग्रीसमध्ये अडकेल.

पण यजमानांचं बोद्रुम मोडू नका, शेवटाला न्या. १५ जुलैला सामानासकट कोसहून बोट घ्या, बोद्रुमला उतरा आणि परतीचं विमान अथेन्सऐवजी इस्तंबूलहून काढा. भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा व्हिसा तारखेने चालू असेल (सिंगल एन्ट्री वापरून झालेली असली तरी) तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका एन्ट्रीचा, ३० दिवसांचा. ते दिवस शेंगेनच्या मोजणीत येत नाहीत, त्यामुळे २५ जुलैची तुमची मूळ तारीखही राहते. इटलीकडे अर्ज करताना प्रवासाच्या आराखड्यात बाहेर पडण्याचं ठिकाण कोस आणि तारीख १५ जुलै असंच लिहा, आणि इस्तंबूलचं परतीचं बुकिंग सोबत जोडा.