अनुभव धागा : अ‍ॅप बनवायला घेतलेला तुमचा पहिला लॅपटॉप आणि त्याचा सेटअप

कर्वेनगरवाली :
काल माळा आवरला. पितळी डब्यांमागे माझा २०१४ चा लॅपटॉप निघाला, चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, कीबोर्डवरचा ए पार पुसलेला. हातात घेतला आणि सगळं आठवलं. लेक दोन वर्षांची होती, ती झोपली की मी बसायचे. कोड लिहायला आधी एक्लिप्स हे सॉफ्टवेअर आणि त्यावर अँड्रॉइडसाठीचं एडीटी प्लगिन, मग डिसेंबरात गुगलचं अँड्रॉइड स्टुडिओ १.० आलं म्हणून हौसेने ते टाकलं. एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचा खोटा फोन, चालू करायचा, कुकर लावायचा, तीन शिट्ट्या होऊन वाफ जिरली तरी पडद्यावर अँड्रॉइड हा शब्द नुसता चमकतोय. मला वाटायचं मलाच जमत नाहीये, कोणी सांगायलाच नव्हतं की हा रॅमचा दोष आहे, तुझा नाही.
शेवटी ह्यांचा जुना फोन घेतला, सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपरचे पर्याय उघडले, यूएसबी डीबगिंग (केबलने लॅपटॉपवरून फोनवर टेस्ट करायची सोय) चालू केलं आणि केबल लावली. अर्ध्या मिनिटात माझं भिशीच्या हिशोबाचं अ‍ॅप फोनवर उघडलं! ओट्यापाशी उभी राहून रडले मी. मग तेच सासूबाईंच्या फोनवर टाकलं तर मराठीच्या जागी सगळे चौकोन, त्यांचा फोन अँड्रॉइड २.३ वाला, त्यात देवनागरी फॉन्टच नव्हता. ती वेगळीच कथा.
आता भाची साताऱ्याहून आलीये, बीसीएला. दुकानात तिला लाल दिव्यांचा गेमिंग लॅपटॉप दाखवत होते. मी म्हटलं ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचव, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घे, नंतर वाढवायला रॅमचा एक स्लॉट मोकळा आहे का ते दुकानदाराकडून लिहून घे. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचायला देणार आहे.

नऱ्हे_रूम४ :
व्हीटी-एक्स!!! आम्ही चौघं रात्री ३ पर्यंत जागलो, एम्युलेटर उघडेचना, स्टुडिओ दोनदा काढून परत टाकला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (एम्युलेटर वेगाने चालवायची प्रोसेसरची सोय, इंटेलमध्ये तिलाच व्हीटी-एक्स म्हणतात) बंद होतं एवढंच. भाचीला सांगा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड लिहिलंय का ते बघ, नसेल तर बायोस. दुसरं काहीही करायच्या आधी हे.

धायरीचा_दादा :
माझा लॅपटॉप एएमडी प्रोसेसरचा होता, २०१६ ला घेतलेला. एम्युलेटरला वेग देणारं हॅक्झम फक्त इंटेलच्या प्रोसेसरला चालायचं हे घेतल्यावर कळलं, ईएमआय चालू होता. २०१८ ला एएमडीची सोय आली तोवर मी सगळं फोनवरच टेस्ट करत होतो. आता असलं काही नाही, एएमडी बिनधास्त घ्या.

पौडरोड_पल्लवी :
@कर्वेनगरवाली ओट्यापाशी रडले वाचून माझ्याही डोळ्यात पाणी आलं गं. माळ्यावर अजून काय काय निघालं? आमच्याकडे पाळणा निघाला, द्यायचाय कोणाला हवा असेल तर

सांगलीहून_वाकड :
आयफोनचं अ‍ॅप करायचं असेल तर मॅकशिवाय सुटका नाही, त्यासाठी लागणारं अ‍ॅपलचं एक्सकोड दुसरीकडे चालतच नाही. मी एम१ चिपचा मॅक मिनी (स्क्रीन नसलेला छोटा मॅक) सेकंडहँड घेतला, घरचा टीव्ही जोडला. ८ जीबीचा घेतला ही चूक झाली, त्यात नंतर रॅम वाढवताच येत नाही, पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं लागतं. आणि खर्च धरा, अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर, गुगल प्लेला एकदाच २५. शिकणाऱ्या मुलीने आधी अँड्रॉइडच करावं, आयफोनचं कमावायला लागल्यावर बघता येईल.

नऱ्हे_रूम४ :
+१. आणि ग्रेडल, स्टुडिओतलं कोडचं पॅकेट बांधणारं टूल! त्याचा पहिला सिंक, म्हणजे लागणाऱ्या फाइली उतरवणं, नेट खातो नुसता. तेव्हा महिन्याला १ जीबीचा पॅक असायचा, एका संध्याकाळीत संपला, रूमवर सगळे माझ्यावर चिडले. मग मित्राच्या काकांकडे सदाशिव पेठेत जाऊन सिंक करायचो, काकू पोहे द्यायच्या. त्या काकूंचे उपकार आहेत माझ्यावर.

रात्रपाळी :
सी ड्राइव्ह भरला की आधी युजर फोल्डरमधलं डॉट अँड्रॉइड (.android) उघडून बघा, आत एव्हीडी नावाचं फोल्डर असतं. एकेक एम्युलेटर कितीतरी जीबीचा. मी लग्नाचे फोटो उडवले जागा करायला आणि खरी अडगळ तिथे होती. फोटो परत मिळाले नाहीत.

पौडरोड_पल्लवी :
@रात्रपाळी अगं बाई. फोटोग्राफरकडे विचारलंस का? आमच्याने सहा वर्षांनी काढून दिले होते

रात्रपाळी :
विचारते, हे डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू गं.

कात्रजघाट :
सेटअपमधलं कोणी सांगत नाही ते सांगतो, कीस्टोअर, म्हणजे अ‍ॅपवर सही करायची किल्ली ठेवलेली फाइल. २०१५ ला एका ओळखीच्या दुकानदाराचं अ‍ॅप करून दिलं, साइन करायची फाइल डी ड्राइव्हवर. विंडोज टाकताना डिस्क फॉरमॅट झाली, फाइल गेली. त्या काळी किल्ली गेली की अपडेट नाही म्हणजे नाही, नवीन पॅकेज नावाने (प्ले स्टोअरवरची ओळख) पहिल्यापासून, जुने रिव्ह्यू सगळे गेले. दुकानात जाऊन तोंडावर सांगितलं, ते एक अक्षर बोलले नाहीत, चहा मागवला. आज प्ले अ‍ॅप साइनिंग या सोयीमुळे मुख्य किल्ली गुगलकडे असते, आपल्याकडची अपलोडची हरवली तर बदलून मिळते. तरी पोरी, कीस्टोअर आणि पासवर्ड दोन वेगळ्या जागी ठेव, एक घराबाहेर.

कर्वेनगरवाली :
@कात्रजघाट वाचून पोटात खड्डा पडला. तुम्ही जाऊन तोंडावर सांगितलंत हे फार मोठं आहे.

धायरीचा_दादा :
कोणाला बिजागरी दुरुस्त करणारा माहितीये का? झाकण उघडलं की कटकट आवाज येतो, कोपऱ्यातलं प्लास्टिक उचकटलंय

सांगलीहून_वाकड :
पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारा. आणि तोवर पूर्ण उघडू नका, आतली केबल तुटली तर स्क्रीन जाईल.

बीसीए_भाची :
मावशीने लिंक दिली 🙏 सगळं वाचलं. १६ जीबीचाच घेतला, स्लॉट मोकळा आहे. व्हर्च्युअलायझेशन बंदच होतं!! चालू केलं. कोटलिन भाषेत शिकतेय. एक शंका, केबल लावली की फोन फक्त चार्ज होतो, स्टुडिओच्या फोनच्या लिस्टमध्ये येतच नाही

नऱ्हे_रूम४ :
केबल बदल. पुष्कळ केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. दुसरी लावली की फोनवर परवानगी विचारेल, ऑलवेज अलाऊवर टिक कर. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल तर वायरलेस डीबगिंग पण आहे, फोन आणि लॅपटॉप दोन्ही एका वायफायवर हवेत.

बीसीए_भाची :
आला!!! रूममेटची केबल लावली. हॅलो पुणे लिहिलंय स्क्रीनवर

कर्वेनगरवाली :
स्क्रीनशॉट पाठव लगेच, आजीला दाखवते. आणि जेवलीस का?