ऑटिझमचं प्रमाणपत्र आणि निरामय: इंदूरमध्ये सुरुवात कुठून?

रामबागकर: भाचा सहा वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. आधी यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र-ओळखपत्र) की निरामय आरोग्य विमा? आणि मेडिकल बोर्डासमोर नेताना काय सांभाळायचं?

तपकीर: आधी यूडीआयडी. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना प्रकारात ‘ऑटिझम’च निवडा. घाईत ‘बौद्धिक अक्षमता’ निवडली, तर पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. नाव, जन्मतारीख आधारवर, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि जन्मदाखल्यात अक्षरशः एकच हवी. अर्ज बहुधा इथेच अडकतो.

तपासणी आयएसएए या ऑटिझम मोजायच्या भारतीय मापकावर होते: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 खाली तर ऑटिझम नाही, 70-106 सौम्य, 107-153 मध्यम, त्यावर तीव्र. परक्या खोलीत मूल कधी अगदीच गप्प बसतं, म्हणून घरातले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ न्या: जेवताना, हाक मारल्यावर, मिक्सर सुरू झाल्यावर. शाळेच्या बाईंची चिठ्ठीही न्या. ‘हट्टी आहे हो’ म्हणू नका. काय करतो, दिवसातून किती वेळा, ते सांगा.

सराफा_सोळा: निरामय नंतर. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, वर्षाला 1 लाखापर्यंत, वैद्यकीय तपासणीची अट नाही. पण पैसे आधी आपणच भरायचे. थेरपीच्या बिलावर तारीख, थेरपीचं नाव आणि सही-शिक्का नसेल तर दावा परत येतो. नुसतं ‘सेशन 8’ लिहिलेलं बिल घेऊच नका.

तपकीर: बरोबर. आणि 18 नंतर आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमण्यासाठी कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे अर्ज लागतो.