तांबं-ॲल्युमिनियम: वितळवायचंच कशाला?

तांबं आणि ॲल्युमिनियम टिगने (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून करायचं वेल्डिंग) जोडलं की सांधा सुटून हातात येतो, फिलर (सांध्यात वितळवायची तार) बदलून बघू का, असं एकाने विचारलंय. फिलरचा दोष नाही हो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, पण खरी गोम त्या फरकात नाही. दोन्ही वितळून मिसळले की मध्ये त्यांची संयुगं तयार होतात, आणि ती काचेसारखी ठिसूळ. थर जाड झाला की सांधा गेला.

म्हणून न वितळवता, घासून जोडायचं: फ्रिक्शन वेल्डिंग. त्यात एक दांडा चकमध्ये (मशीनच्या पकडीत) गरगर फिरवतात आणि दुसरा त्यावर दाबतात. तोंडं मऊ झाली की फिरणं झटक्यात थांबवून दाब वाढवायचा. काही सेकंदांचा खेळ. ऑक्साइडचा थर कडेने बाहेर फेकला जातो. बाहेर आलेल्या मऊ धातूची वळलेली कॉलर जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमच्या बाजूला दिसते, कारण मऊ तेच. ती नंतर लेथवर छाटायची. ॲल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारला (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीला) जोडायची बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन धातूंचं टोक, बघा, मधली रेघ म्हणजे हाच सांधा.

तोंडं मात्र स्वच्छ हवीत. आमच्याकडे एकदा तांब्यावर तेलकट हात लागला होता. वाइसमध्ये वाकवून पाहिलं तर तुकडा टक्कन सुटला, तांब्याचं तोंड तसंच चकचकीत! चांगल्या सांध्यात ॲल्युमिनियम फाटतं, सांधा नाही.

तुमचा जोडायचा तुकडा दांडा नसून पत्रा असेल तर फ्रिक्शन स्टर वेल्डिंग बघा. त्यात फिरणारी पिन सांध्यात घुसवून मऊ झालेला धातू ढवळतात; ती पिन बरीचशी ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवून ठेवा.